रोजचं १४०-१५० किमी रनिंग, नवी गाडी घेऊ की सेकंडहँड?

पांढरकवडा_फिल्डवाला
नमस्कार मंडळी. मी बियाण्याच्या कंपनीत फिल्डवर आहे, राहतो पांढरकवड्याला, एरिया वणी, मारेगाव, झरी, घाटंजी. आजवर बाईकवरच काढलं पण या मे महिन्यात दोनदा ऊन लागलं तर बायको म्हणे आता गाडी घ्याच. महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेतीन हजार किमी होतात, म्हणजे वर्षाला ४२ हजार. कंपनी किमीमागे ९ रुपये देते, त्यातच पेट्रोल, सर्व्हिस, टायर सगळं भागवायचं. नवी ७ लाखापर्यंत बसते, लोन काढून. सेकंडहँड पावणेचार-चारमध्ये बरी मिळून राहिली. काय करू?

हिशेबी_वर्धा
आधी हिशेब कर. २० चा अॅव्हरेज आणि पेट्रोल १०५ धरलं तर किमीला सव्वापाच रुपये नुसतं तेल. उरले पावणेचार, महिन्याचे १३ हजार. ७ लाखाच्या गाडीचा हप्ताच त्याच्या आसपास जाईल, मग टायर कशातून टाकशील? आणि नवी म्हणून वॉरंटीचं कौतुक करत असशील तर ३ वर्षं किंवा १ लाख किमी अशी असते ना, तुझे लाख अडीच वर्षांच्या आतच संपतात. ४ वर्षांनी पावणेदोन लाख किमी चाललेल्या गाडीला कोण किती देणार, माझ्या अंदाजाने २ लाख. म्हणजे ५ लाख गेले. जुनी पावणेचारची घेऊन ४ वर्षांनी सव्वाला विकली आणि वर लाखभर दुरुस्तीला घातले तरी साडेतीनच जातात.

वऱ्हाडी_भाऊ
हिशेब बरोबर हाय पण जुनी घेताना डोळे उघडे ठेवजा. मी मागल्या साली यवतमाळात एका डीलरकडं डिझायर पाह्यली, मीटर ४८ हजार, गाडी चकाचक, पण ब्रेकच्या पायडलचं रबर पाहा त एका कोपऱ्यातून झिजून लोखंड दिसून राह्यलं होतं. ४८ हजारात असं झिजते काय राजेहो? सर्व्हिस सेंटरच्या पोराले नंबर देल्ला त त्यानं सांगतलं, दोन वर्षाआधीच १ लाख १२ हजारावर सर्व्हिस झाली होती. मी तसाच उठलो, चहाबी नाही पेलो. सीटबेल्ट पुरा खेचून पाहा, आत चिखलाची रेघ असली त गाडी पुरात बुडेल हाय समजा. टायरवर चार आकडे असतेत, ३२२१ म्हणजे टायर बनला २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात. आन आरसीवर पहिले टॅक्सी पासिंग होती का ते पाहाच, पिवळी पाटी काढून पांढरी लावेल लय फिरून राह्यल्या.

अमरावतीकर_एमआर
मी उलट सांगतो, नवीच घे. जुन्या गाडीच्या लोनचा व्याजदर जास्त असतो, ते वरच्या हिशेबात कुठंच नाही. माझी जुनी गाडी ऐन जुलैत मेळघाटात धारणीच्या अलीकडं बंद पडली, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला, मोबाईलला रेंज नाही, पाऊस धो धो, शेवटी दुधाच्या पिकअपनं ओढत आणली. दोन दिवस गेले, महिन्याचं टार्गेट गेलं. तुझ्या झरीकडं काही वेगळं नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, जुन्यावाले मात्र अजून आधीचेच भाव सांगत बसतात. त्यावर तरी घासाघीस कर.

हिशेबी_वर्धा
व्याजाचं मान्य, ते माझ्याकडून राहिलं. पण अल्टरनेटर नव्या गाडीचाही दीड-दोन लाखानंतर जाऊ शकतो आणि याचे ते ४ वर्षांत होतात.

वऱ्हाडी_भाऊ
डिझेलचं कोणी बोललंच नाही. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, त्याच्यानं त्याइच्या डिझेल गाड्या आता पाच वर्षांच्या वरच्याच भेटतीन. दुसऱ्या कंपनीची बीएस६ (नव्या प्रदूषण नियमाची) डिझेल घेतली त डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, गावातल्या गावात फिरणाऱ्याची चोक होते, तुमचं रनिंग लांबचं हाय, तुम्हाले तेवढा तरास नाही.

पांढरकवडा_फिल्डवाला
धन्यवाद सगळ्यांना. वणीला एका मास्तरांची २०२१ ची वॅगनआर आहे, एकहाती, ३८ हजार, ३ लाख ९० सांगतात. लोन फिटलंय म्हणतात पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. रविवारी जातो, आधी पायडलचं रबरच पाहीन.

वऱ्हाडी_भाऊ
बँकेची एनओसी आन आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याबिगर एक रुपया टोकन देऊ नका, मास्तर असो का कोणी.