हायस्कूल बास्केटबॉलमध्ये सामन्याला १९ पॉइंट काढणारा मुलगा कॉलेजात टिकेल का, हे कसं ओळखायचं?

हूजर_बाबा:
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, इंडियानापोलिसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. मी मूळचा सांगलीचा, जन्मभर क्रिकेट पाहिलेला. बास्केटबॉल इथे येऊन पोराच्या नादाने शिकलो. चिरंजीव अकरावीत आहेत. पॉइंट गार्ड (बॉल आणून चाल रचणारा), शाळेच्या रोस्टरवर म्हणजे संघाच्या यादीत उंची ६ फूट १ इंच, या मोसमात सरासरी १९ पॉइंट.

परवा 'एक्स्पोजर पॅकेज' (पैसे घेऊन मुलाला कॉलेज कोचच्या नजरेत आणण्याची सेवा) विकणाऱ्या एकाचा फोन आला. पोरगा डिव्हिजन वनचाच (डी१, कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी) आहे म्हणाला आणि त्याच दमात फी सांगितली. शाळेच्या कोचला विचारलं की तो नुसता हसतो. बायको म्हणते, एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करू दे. त्यात ब्रेडन स्मिथ आमच्या शेजारच्या वेस्टफील्डचा, तोही ६ फुटीच, आणि परड्यू विद्यापीठात जाऊन २०२५ मध्ये बिग टेन या कॉलेज लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. हे घरात रोज जेवताना ऐकावं लागतं.

खेळात नेमकं काय बघितलं की खरा अंदाज येतो?

सायली_एनजे:
पॅकेजवाल्याला एक डॉलर देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

नागपाडा_ते_नेपरविल:
लहानपण नागपाड्याच्या कोर्टांवर गेलं, आता इलिनॉयमधल्या एका हायस्कूलच्या संघाचं स्टॅट्स आणि फिल्मचं काम हौसेने बघतो. त्यामुळे जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

ते १९ पॉइंट आधी बाजूला ठेवा. शाळेतून कॉलेजात जाताना सगळ्यात आधी गळतात ते पॉइंटच. टेनिस बॉलवर षटकार मारणाऱ्याला आपण रणजीत घालत नाही, तसंच आहे हे. पॉइंट कोणाविरुद्ध आले ते बघा. समोर पाच फूट दहाचा सेंटर असताना ले-अप सगळ्यांनाच जमतात. तुमच्या वेळापत्रकातले असे तीन-चार सामने निवडा, ज्यांत समोरच्या संघात कॉलेजला जाणारी मुलं होती. तेवढ्यांचीच सरासरी काढा. १९ चे ११ झाले तर दचकू नका, पण खरा आकडा ११ धरा.

थ्रीचा, म्हणजे रेषेबाहेरून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉटचा टक्काही फसवा. हायस्कूलला रेषा १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजला पुरुषांची २२ फूट पावणेदोन इंचांवर. शिवाय मोसमात शंभर-सव्वाशे थ्री मारले तर त्यात नशिबाचा वाटा मोठा. मी फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) बघतो. पंधरा फूट शाळेतही, कॉलेजातही आणि एनबीएतही, आणि अंगावर कोणी येत नाही. ८० टक्क्यांच्या वर असेल तर हात चांगला आहे, लांबून मारायची ताकद पुढे येते. ६५ असेल आणि थ्री ४० टक्के पडत असतील, तर त्या चाळिसावर माझा विश्वास नाही.

आता फिल्म. आवाज बंद करा आणि बॉलकडे अजिबात बघू नका, फक्त पोराकडे बघा. बापाला हे फार अवघड जातं. कोपऱ्यातल्या शूटरकडे पास गेला की तो अडवायला धावत जातो (याला क्लोजआउट म्हणतात), ते ठीक. शेवटच्या दोन-तीन पावलांत काय करतो? पावलं आखूड करून, कंबर खाली ठेवून, हात वर करून थांबतो, की ताठ उभा राहून उडी मारतो आणि समोरचा शांतपणे बाजूने निघून जातो? शाळेत दुसरं चालून जातं, कारण शूटर घाबरलेला असतो. कॉलेजचा कोच पहिल्या दहा मिनिटांत नेमकं हेच टिपतो. ट्रॅप झाल्यावर, म्हणजे दोघांनी घेरल्यावर डाव्या हाताने पास निघतो का, हेही बघा. नाही निघाला तर पॉइंट गार्ड म्हणून अवघड आहे. डाव्या हाताने ड्रिबल जमणं वेगळं.

उंची घरी मोजा, भिंतीला टाच लावून, अनवाणी. रोस्टरवरचे इंच बुटासकट आणि प्रेमासकट असतात. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं मापही घ्या.

रिक्रूटिंगच्या साइट्स मुलांना देतात त्या स्टार रेटिंगचं म्हणाल, तर झॅक एडी बघा. टोरंटोचा पोरगा, हॉकी-बेसबॉल खेळणारा, बास्केटबॉलला उशिरा लागला. रिक्रूटिंगच्या याद्यांत चारशेच्या पलीकडे होता. पुढे परड्यूकडून २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. लोक यातून 'याद्या खोट्या' असं काढतात. मी वेगळं काढतो: थोडीच वर्षं खेळलेला मुलगा दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर आजच्या पातळीपेक्षा त्या चढाकडे बघा. तुमचा मुलगा तिसरीपासून खेळत असेल तर हा फायदा त्याला नाही. (आणि एडी ७ फूट ४ इंच आहे, ती सोय तुम्ही करू शकला नाहीत.)

शेवटचं, जरा कडू. डी१ चे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मुलाला थेट फोन-मेसेज करू शकतात. ती तारीख तुमच्याकडे कधीच उलटली. आजवर किती कोचचे फोन आले? कॅम्पच्या जाहिराती धरू नका. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आता कोचला बावीस वर्षांचा तयार गार्ड मिळतो, सतरा वर्षांच्या पोराची वाट तो कशाला बघेल?

क्लीव्हलंडची_काकू:
सगळं मान्य, पण सूर फार उदास लावलात हो. देशात पाच लाखांच्या वर मुलं हायस्कूल बास्केटबॉल खेळतात, डी१ ला शंभरातला एक जातो. उरलेले नव्याण्णव वाया गेले का? आमचा मुलगा ओहायोत डी३ ला (डिव्हिजन थ्री) खेळतो. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण ग्रेड्सवर कॉलेज चांगली मदत देतं. डंकन रॉबिन्सननेही विल्यम्स या डी३ कॉलेजातच सुरुवात केली, मग मिशिगन, मग एनबीए. तसं होईल असं नाही, पण पोरगा चार वर्षं खेळतो तरी. तुमच्या इंडियानातच वॉबॅश, डीपॉ आणि रोझ-हलमन आहेत. रोझ-हलमन तर इंजिनिअरिंगचं, म्हणजे वहिनीही खूश.

हूजर_बाबा:
सगळ्यांचे आभार. मोजलं: अनवाणी ५ फूट पावणेबारा. हात पसरून ६ फूट ४, हे ऐकून पोरगा दिवसभर हात पसरूनच फिरतोय. फ्री थ्रो ८३ टक्के. तगड्या संघांविरुद्ध सरासरी १२. क्लोजआउटला ताठ उभा राहतो, ते मलाही दिसलं आता. फोन: एका डी३ चा आणि एका एनएआयएचा (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना), डी१ शून्य. या डी३ वाल्यांना फिल्म पाठवायची तर हायलाइट्स पुरे का?

नागपाडा_ते_नेपरविल:
८३ टक्के आणि ते लांब हात! काकू, सूर बदलतो, डी३ ला हा मुलगा खेळेल. तीन मिनिटांचे हायलाइट्स पाठवा, पण सोबत दोन पूर्ण सामने जोडा, त्यातला एक हरलेला आणि तगड्या संघाविरुद्धचा. विषयाच्या ओळीत पास होण्याचं वर्ष, पोझिशन, खरी उंची आणि जीपीए (ग्रेड्सची सरासरी). मेल त्यानेच लिहायची, तुम्ही नुसतं स्पेलिंग तपासा. आणि क्लोजआउटसाठी उन्हाळ्यात रोज पंधरा मिनिटं: तुम्ही कोपऱ्यात बॉल घेऊन उभे राहा, त्याला पेंटमधून (बास्केटसमोरच्या रंगीत चौकोनातून) धावत येऊ द्या, अधूनमधून त्याच्या बाजूने ड्रिबल मारून निघा.

हूजर_बाबा:
माझे गुडघे पन्नाशीचे आहेत हो.

नागपाडा_ते_नेपरविल:
मग धाकट्याला उभं करा.