लिंबू चेहऱ्यावर नको, ताटात घ्या

मुरुमांवर लिंबाचा रस चोळा, हा सल्ला वाचून राहवलं नाही. त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5, लिंबाच्या रसाचा 2 ते 3. आग होते, आणि रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग उठतात. माझ्या भाचीच्या गालावरचे जायला चार महिने लागले, फार वाईट वाटायचं पोरीकडे बघून.

आता ती डाळीचं पीठ पाण्यात कालवून हलक्या हाताने लावते, वाळायच्या आत धुते. तेलकट चेहऱ्याला साय नको.

खरा फरक मात्र खाण्याने पडला. गोड चहा, बिस्किटं, मैदा यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते, इन्शुलिन वाढतं आणि तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. त्याऐवजी भाकरी, मुगाची उसळ, काकडी. गाठीसारखे दुखरे मुरूम असतील तर घरी प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर खड्डे राहतात.