ऑक्टोबरमध्ये बेसबॉलचे प्लेऑफ नाशिकमधून बघायचे: वेळ कशी लावायची, कोणतं वैर खरं?

गंगापूररोडकर

कॉलेज रोडवर आठ-दहा जणांनी जमून यंदा ऑक्टोबरमध्ये बेसबॉलचे प्लेऑफ बघायचं ठरतंय. सगळे क्रिकेटवाले. बॉल, स्ट्राइक, तीन आऊट, नऊ इनिंग इथपर्यंतची ओळख आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सामने आपल्याकडे नेमके किती वाजता लागतात? निम्मे जण सातपूर-अंबडला पहिल्या पाळीत असतात. न्यूयॉर्क-बॉस्टन, लॉस एंजेलिस-सॅन फ्रान्सिस्को ही वैरं खरंच कडवी आहेत, की टीव्हीवाल्यांनी फुगवलेली? आणि टीम कशी धरायची? सगळेच यँकीजवाले झाले तर बघण्यात मजा उरणार नाही.

पहाटपाळी

आधी वेळ, कारण गफलत तिथेच होते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या घड्याळात साडेनऊ तास मिळवा. तिकडचा रात्री ८:०८ चा सामना आपल्याकडे पहाटे ५:३८ ला, पण तारीख दुसऱ्या दिवसाची. वेळापत्रकात शुक्रवार रात्र लिहिली असेल तर तुम्ही शनिवारी पहाटे जमायचं. दरवर्षी कुणीतरी एक दिवस आधी उठून बसतं. दुसरी चूक म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या सामन्याची तिथली स्थानिक वेळ बघून त्यात साडेनऊ तास मिळवणं. तिथलं घड्याळ न्यूयॉर्कच्या तीन तास मागे असतं, म्हणून आधी ती वेळ न्यूयॉर्कची करून घ्या.

पहिल्या फेऱ्यांत दिवसाला तीन-चार सामने असतात. दुपारी १:०८ चा आपल्याकडे रात्री १०:३८ ला लागतो, आणि पहिल्या पाळीवाल्यांना झेपण्यासारखा तोच. वर्ल्ड सिरीज (शेवटची, अजिंक्यपदाची मालिका) मात्र रात्रीची, म्हणजे आपली पहाट. पाळी सातची असेल तर साडेसहाला घर सोडेपर्यंत जेमतेम तीन इनिंग होतात. तरी त्या बघाव्यात. तेवढ्यात दोन्ही संघांचे बहुतेक बॅटर एकदा तरी येऊन जातात आणि पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) लय कळते. पुढचं एमएलबीच्या (अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल स्पर्धेच्या) ॲपमधल्या गेमडेवर बघता येतं, त्यात प्रत्येक चेंडू कुठे पडला ते फुकट दिसतं.

सामन्याला तीन तास धरा. २०२३ पासून पिचरवर घड्याळ आहे, तेवढ्या वेळात चेंडू टाकायचा: बेस (धावकांचे थांबे) रिकामे असतील तर १५ सेकंद, कुणी बेसवर असेल तर आता १८. खेळ त्यामुळे वेगवान झाला, पण प्लेऑफमध्ये दोन इनिंगमधली जाहिरातींची विश्रांती लांब असते. हॉल भाड्याने घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. नेहमीच्या सामन्यांत दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता धावक उभा करतात, प्लेऑफमध्ये तो नियम नाही. बरोबरी सुटेपर्यंत खेळ चालतो. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना १८ इनिंग, ७ तास २० मिनिटं चालला. २०२५ चा तिसराही १८ इनिंगच. दोन्ही वेळा लॉस एंजेलिसचे डॉजर्स जिंकले. हॉल नऊपर्यंतच घेतला तर ऐन रंगात आलेल्या सामन्यातून उठावं लागेल.

स्कोअरवही

वैराबद्दल सविस्तर लिहितो, कारण 'फुगवलेली आहेत का' हा प्रश्न बरोबर आहे. काही आहेतच.

यँकीज-रेड सॉक्स, म्हणजे न्यूयॉर्क-बॉस्टन, खरं. दोन्ही एमएलबीच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगच्या पूर्व गटात आहेत आणि एका गटातल्या संघांची हंगामात १३ वेळा गाठ पडते. रणजीत मुंबई आणि महाराष्ट्र वर्षाकाठी फार तर एकदा समोर येतात, तरी गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला उभं राहून लोक मुंबईवाल्यांचा हिशोब काढतात. इथे तेच तेरा वेळा, आणि वैर शंभर वर्षांहून जुनं. डिसेंबर १९१९ मध्ये बॉस्टनच्या मालकाने बेब रुथला यँकीजला विकलं. तोवर रेड सॉक्सकडे पाच अजिंक्यपदं होती, यँकीजकडे एकही नाही. यँकीजने १९२३ मध्ये पहिलं मिळवलं, आज त्यांच्याकडे २७ आहेत. बॉस्टनला १९१८ नंतर थेट २००४ मध्ये मिळालं.

ते २००४ समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. आदल्याच वर्षी लीगच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्याच्या अकराव्या इनिंगला यँकीजच्या ॲरन बूनच्या होम रनने बॉस्टनला घरी पाठवलं होतं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये यँकीजकडून पुन्हा हरल्यावर बॉस्टनचा पिचर पेड्रो मार्टिनेझ वैतागून त्यांना आपला बाप म्हणून बसला, आणि ऑक्टोबरमध्ये अख्खं यँकी स्टेडियम 'तुझा बाप कोण' असं त्याच्यावर ओरडत होतं. लीगच्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत यँकीजची आघाडी ३-०, तिसरा सामना १९-८ असा बेदम. चौथ्यात नवव्या इनिंगला बॉस्टन एका रनने मागे, समोर यँकीजचा पिचर मारियानो रिवेरा. पहिल्या बेसवर बदली धावक म्हणून डेव्ह रॉबर्ट्सला आणलं ते बेसची चोरी करण्यासाठीच (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसवर पळणं), हे रिवेरासकट सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याने दुसरा बेस चोरला, लगेच फटका बसला, बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझचा होम रन आला. पुढचे तिन्ही सामनेही बॉस्टनचे. ०-३ वरून मालिका जिंकणारा बेसबॉलमधला तो आजवरचा एकमेव संघ.

डॉजर्स-जायंट्स, म्हणजे लॉस एंजेलिस-सॅन फ्रान्सिस्को, तितकंच खरं, आपल्याकडे कमी माहीत. १९५७ पर्यंत दोन्ही संघ न्यूयॉर्कचेच: डॉजर्स ब्रुकलिनचे, जायंट्स मॅनहॅटनचे. १९५८ च्या हंगामापासून दोघांनी एकदमच पश्चिम किनाऱ्यावर बिऱ्हाड हलवलं आणि भांडणही सोबत नेलं. १९५१ मध्ये बरोबरी फोडणाऱ्या तीन सामन्यांत शेवटच्या इनिंगला बॉबी थॉमसनच्या होम रनने जायंट्स जिंकले. त्या हंगामात ते दुर्बिणीतून प्रतिस्पर्धी कॅचरच्या (बॅटरमागे बसून पिचरला खुणावणाऱ्याच्या) खुणा बघत होते, हे नंतर उघड झालं. एवढं असून प्लेऑफ मालिकेत पहिली गाठ पडली ती २०२१ मध्ये. जायंट्स १०७ विजय, डॉजर्स १०६, आणि पाचवा सामना डॉजर्सने २-१ असा घेतला. शेवटचा आऊट अर्धवट आवरलेल्या बॅटवर, फटका मारायला गेला असं धरून, दिला गेला, त्यावर सॅन फ्रान्सिस्कोत अजून वाद होतात.

फुगवलेलं म्हणाल तर यँकीज विरुद्ध डॉजर्स. बारा वर्ल्ड सिरीजपैकी आठ यँकीजच्या, चार डॉजर्सच्या, हे आकडे मोठे दिसतात. पण त्यातल्या सात डॉजर्स ब्रुकलिनला असतानाच्या. तेव्हा ते शेजाऱ्यांचं भांडण होतं. १९८१ नंतर पुढची गाठ थेट २०२४ ला. इतक्या वर्षांत मत्सर उरतो, वैर नाही. यँकीज-मेट्सचंही तसंच: एकाच शहरात असून वर्ल्ड सिरीजमध्ये भेटले फक्त २००० साली.

डावखुरा पिचर

वरचं सगळं मान्य. फक्त वैर इतिहासावर पोसलं जातं तसं नियमांवरही, आणि क्रिकेटवाल्यांच्या नजरेतून निसटतं ते हेच. २०२५ चंच बघा. यँकीज आणि टोरंटो ब्लू जेज दोघे ९४ विजय, ६८ पराभवांवर. २०२२ पासून बरोबरी फोडायला जादा सामना खेळवत नाहीत, आपसातले सामने बघतात. तेरापैकी आठ टोरंटोचे, म्हणून गट त्यांचा. यँकीजला वाइल्ड कार्डात (प्लेऑफच्या पहिल्या फेरीत) जावं लागलं आणि समोर आलं कोण, तर बॉस्टन. मे-जूनमधला कंटाळवाणा वाटणारा एखादा सामना असा ऑक्टोबरमध्ये वसूल होतो.

प्रत्येक लीगमधून सहा संघ. पहिल्या दोघांना पहिली फेरी माफ, उरलेल्या चौघांची तीन सामन्यांची मालिका, लागोपाठ तीन दिवस, सगळी वरच्या क्रमांकाच्या मैदानावर. मग पाच, सात आणि पुन्हा सात सामन्यांच्या मालिका. लक्ष धावफलकावर नको, पिचरवर ठेवा. सुरुवात करणाऱ्या पिचरला चार-पाच दिवस विश्रांती लागते. वाइल्ड कार्डात पहिल्याच दिवशी हुकमी पिचर वापरला की पुढची मालिका दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायावर सुरू करावी लागते. २०२५ मध्ये यँकीज पहिला सामना हरून पुढचे दोन जिंकले. २०२२ पासूनच्या या पद्धतीत असं पहिल्यांदाच घडलं. पण पुढे टोरंटोने त्यांना ३-१ ने काढलं.

आणखी एक. बदली पिचरला आल्या आल्या काढता येत नाही, किमान तीन बॅटर किंवा ती अर्धी इनिंग पूर्ण करावी लागते. समोर डावखुऱ्या-उजव्या बॅटरचा क्रम कसा लावलाय ते त्या वेळी बघा, बहुतेक सामने सातव्या-आठव्या इनिंगला तिथेच फिरतात.

टीम धरायला चिठ्ठ्या टाका. बारा संघ, तुम्ही दहा. उरलेल्या दोन चिठ्ठ्या डब्यात ठेवा, ज्याचा संघ पहिल्या फेरीत बाद झाला त्याने त्यातली उचलावी. तीही बाद झाली तर जिंकणाऱ्याकडे उडी मारायची नाही, आपल्या चिठ्ठीतल्या संघाच्या वैऱ्याविरुद्ध जो खेळतोय त्याच्यामागे उभं राहायचं. बॉस्टनवाले हेच करतात.

गंगापूररोडकर

चिठ्ठ्यांचं ठरलं, शनिवार-रविवारची पहाटही. पण वर्ल्ड सिरीज नोव्हेंबरात गेली तर वेळ तीच राहते का? आणि वहीत स्कोअर लिहायचा असेल तर क्रिकेटची वही चालेल?

पहाटपाळी

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर साडेदहा तास मिळवा. पहाटेचे ५:३८ मग ६:३८ होतात.

स्कोअरवही

क्रिकेटची नको, चौकटींची साधी वही घ्या. आडव्या ओळीत बॅटर, उभ्या रकान्यात इनिंग, दोन्ही संघांना वेगळं पान. खेळाडूची नावं लिहीत बसू नका, जागांचे आकडे पाठ करा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग मैदानाची डावी बाजू ७, मधली ८, उजवी ९. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला टाकून दोन आऊट केले तर ६-४-३. गोंधळ होतो तो शॉर्टस्टॉपवर: तो उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, पण आकडा मिळतो सहावा. समासात पिचरच्या चेंडूंची मोजणी ठेवा, नव्वदच्या पुढे गेली की बुलपेनमध्ये (बदली पिचर तयारी करतात त्या जागी) कोण हात मोकळा करतोय तिकडे बघा.