'मानांकन', 'मानकरी' आणि 'डावलणे'

प्रश्न : मुलगा ओहायोत शिकतो, त्यामुळे तिकडचं कॉलेज फुटबॉल (ते हाताने खेळायचं) आमच्याही घरात शिरलंय. साताऱ्याला वडिलांना प्लेऑफची (मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या स्पर्धेची) संघनिवड सांगताना मात्र अडखळतो. 'रँकिंग'ला क्रमवारी म्हटलं, 'सीड'ला मानांकन. ते म्हणतात, दोन्ही एकच ना? आणि 'ॲट लार्ज' जागेला काय म्हणायचं?

प्रतिसाद : एकच नाहीत. क्रमवारी म्हणजे १३ जणांच्या समितीचं बलाबलाविषयीचं मत, मानांकन म्हणजे स्पर्धेतलं स्थान. २०२४ला चाराचे १२ संघ झाले तेव्हा पहिली चार मानांकनं कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटांच्या) विजेत्यांनाच राखून ठेवली होती. म्हणून बॉइसी स्टेट क्रमवारीत नववा, पण मानांकनात तिसरा! चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली आणि चौघेही पुढच्याच सामन्यात हरले. जिंकला आठवा मानांकित, तुमचा ओहायो स्टेट. २०२५ला वरची चार मानांकनं सरळ क्रमवारीवरून दिली.

'ॲट लार्ज'ला 'खुली जागा' चालेल. सात खुल्या (निव्वळ क्रमवारीवरून), पाच कॉन्फरन्स विजेत्यांच्या. ('कॉन्फरन्स'चं 'परिषद' करू नका, वडिलांना साहित्य परिषद आठवेल.)

दुसरा प्रतिसाद : त्या पाचांना मी 'मानकरी' म्हणेन. जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे दंड मोजून ठरत नाही. गंमत अशी की संस्कृतात 'मान' दोन आहेत. 'मा' धातूचा मान म्हणजे माप : परिमाण, मानदंड. 'मन्' धातूचा मान म्हणजे आदर : सन्मान, मानकरी. समितीचं सगळं भांडण या दोन मानांमधलं आहे. माझं मत विचाराल तर खेळून मिळवलेला मान आधी. तेरापैकी तेरा सामने आणि कॉन्फरन्स जिंकूनही २०२३ला फ्लोरिडा स्टेट चारांत नव्हता, कारण क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी होता. एक सामना हरलेला अलाबामा आत गेला. याला 'वगळलं' म्हणणं मिळमिळीत आहे. 'डावललं' म्हणा. ज्याचा हक्क असतो त्यालाच डावलता येतं.

पहिला प्रतिसादक : पण नंतर ऑरेंज बोलमध्ये (प्लेऑफबाहेरच्या मोसमाअखेरच्या सामन्यात) फ्लोरिडा स्टेटवालेच जॉर्जियाकडून ६३-३ हरले की!

दुसरा प्रतिसाद : हरले, पण निम्मा संघ खेळलाच नव्हता. आणि नंतरच्या निकालावरून आधीचा हक्क कसा ठरवायचा?

प्रश्नकर्ता : मग २०२५च्या नोत्र दामचं काय? ते क्रमवारीत मायामीच्या पुढे होते. शेवटच्या आठवड्यात दोघेही खेळले नाहीत, तरी समितीने क्रम उलटवला आणि मायामी आत गेला. वडील लगेच म्हणाले, "डावललं!"

दुसरा प्रतिसाद : इथे नाही. दोघांचेही दहा विजय, दोन पराभव, आणि मोसमाच्या सुरुवातीलाच मायामीने त्यांना २७-२४ हरवलेलं. मैदानावरचा निकाल समितीला उशिरा आठवला, एवढंच. नोत्र दामला 'झुलवलं' म्हणा हवं तर. आठवडेच्या आठवडे वर ठेवून ऐन पंगतीला पाटावरून उठवलं, ही तक्रार खरी आहे, पण तो पाट त्यांचा नव्हता.