शब्दचर्चा : 'आउटस्पोकन' म्हणजे परखड की फटकळ?

'आउटस्पोकन सिनेटर' (सिनेटर म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, सिनेटचा सदस्य) याचं मराठी 'फटकळ सिनेटर' असं करावं का, हा प्रश्न आहे. माझ्या मते सरसकट करू नये. फटकळ हे माणसाला किंवा त्याच्या तोंडाला लागतं. 'तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवत नाही' असं आपण सहज म्हणतो; 'फटकळ मत' मात्र कुणी म्हणत नाही. मत परखड, उत्तर सडेतोड, सवाल रोखठोक. 'स्पष्टवक्ता' माणसालाच लागतं आणि त्यात थोडं कौतुक असतंच. फटकळ माणूस तोंडाला येईल ते बोलतो. परखड बोलणारा विचार करून, बोचणार हे ठाऊक असूनही बोलतो.

एकाच माणसाला दोन्ही शब्द लागू शकतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर बघा. १९५७ ते १९८९ ते सिनेटमध्ये होते. वंशसंहाराविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९४८ चा, पण अमेरिकी सिनेट त्याला मंजुरी देईना. प्रॉक्समायर १९६७ पासून सिनेटच्या कामकाजाच्या दर दिवशी उभे राहून त्यावर बोलत राहिले. १९८६ मध्ये मंजुरी मिळाली तोवर ३,२११ भाषणं झाली होती. आपल्याच सभागृहाला वर्षानुवर्षं तोंडावर सुनावणं, याला मी बेधडक परखड म्हणेन.

आता दुसरी बाजू. सरकारी पैशाच्या उधळपट्टीवर बोट ठेवायला त्यांनी १९७५ मध्ये 'गोल्डन फ्लीस' पुरस्कार सुरू केला. नावातच कोटी आहे : फ्लीस म्हणजे लोकर, आणि लुबाडणंही. माकडं कधी जबडा आवळतात यावर काम करणाऱ्या एका संशोधकाच्या अनुदानावरही हा पुरस्कार पडला. हे वाचून माकडांबरोबर करदात्यांनीही दात खावेत आणि या गृहस्थांनी करदात्याचंच माकड केलंय, असं प्रॉक्समायर म्हणाले. वाक्य झकास आहे, पण त्या माणसाच्या कामाची त्यात नीट दखलच नाही. मला हा फटकळपणा वाटतो. बदनामी झाली म्हणून संशोधक कोर्टात गेला. सभागृहातल्या भाषणाला संरक्षण आहे, प्रसिद्धीपत्रकाला आणि मतदारांना पाठवलेल्या वार्तापत्राला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं. पुढे प्रॉक्समायरना १०,००० डॉलर देऊन जाहीर माफी मागून तडजोड करावी लागली.

तेव्हा मथळ्यात 'सिनेटरची परखड मतं' लिहावं, आणि व्यक्तीबद्दल बोलायचं तर 'स्पष्टवक्ते सिनेटर'. 'फटकळ' लिहायचं असेल तर तो आपला शेरा आहे हे जाणून लिहावं. मूळ इंग्रजी शब्दात तो नाही. 'कठोर टीकाकार' असंही भाषांतर दिसतं, पण त्यात टीकेची धार येते, उघडपणे बोलणं येत नाही.