सोलापुरात राहून रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरची नोकरी पत्करावी का?

जुळे_सोलापूर

नमस्कार. मी मूळची सोलापूरची असून गेली चार वर्षे पुण्यात ऑनलाइन खरेदीच्या एका संकेतस्थळासाठी प्रोग्रामर म्हणून काम करते. आई-वडील सोलापुरात दोघेच असतात आणि दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून येणे आता पुरेसे वाटत नाही. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सोलापुरातील एका लहान कंपनीने मला बोलावले आहे. पगार मात्र आजच्यापेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी कमी आहे. पुण्यातील सहकाऱ्यांच्या मते हे काम म्हणजे केसपेपर छापणे आणि बिल काढणे एवढेच असते, आणि दोन वर्षांनी परतायचे म्हटले तर मला कोणी विचारणार नाही. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी फायदे-तोटे सांगावेत. चूक झाली तर तिची जबाबदारी कितपत अंगावर येते, हेही जाणून घ्यायचे आहे.

विजापूर_रोड

मी अकरा वर्षे हेच काम करतो आहे. केसपेपर छापणे तुमच्या सहकाऱ्यांना वाटते तितके सोपे नाही. या कामाची गोडी आणि कटकट दोन्ही तिथूनच सुरू होतात. दुसऱ्यांदा आलेला रुग्ण तोच आहे हे ओळखायचे कसे? नाव आणि जन्मतारीख जुळवावी, हे पुस्तकी उत्तर झाले. आपल्याकडे कित्येक ज्येष्ठांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकलेली असते. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते आणि काही घरांत नावही बदलते, त्यामुळे माहेरच्या नावाची जुनी नोंद आणि बाळंतपणाची नवी नोंद एकमेकींना ओळखत नाहीत. त्यातून सोलापूरला येणारे रुग्ण मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असे सगळे बोलणारे. कर्नाटकातल्या इंडीहून आलेल्या श्रीशैलप्पांचे नाव तीन काउंटरवर तीन प्रकारे लिहिले जाते. नवजात बाळाला तर नावच नसते, म्हणून ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव अशी नोंद होते, आणि जुळी झाली की तुमच्या प्रोग्रामची खरी परीक्षा होते. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर गैरसोय होते, पण दोन माणसांच्या नोंदी चुकून एकत्र झाल्या तर एकाची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्यातल्या १४ अंकी आभा क्रमांकामुळे, म्हणजे प्रत्येकाच्या आरोग्य-ओळख क्रमांकामुळे, यातला काही भाग सुटला आहे. परंतु तो क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, आणि रात्री अपघात विभागात बेशुद्ध आणलेला माणूस चौदा अंक म्हणून दाखवत नाही.

परत जाण्याची भीती मला तरी अनाठायी वाटते. आभाशी जोडणी करताना आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीसाठी जे एफएचआयआर शिकावे लागते, आजारांसाठी जे आयसीडी आणि तपासण्यांसाठी जे लॉइंक संकेत वापरावे लागतात, एक्स-रे व एमआरआयच्या प्रतिमांसाठी जे डायकॉम लागते, ते सगळे जगभर चालणारे प्रमाण आहे. प्रोग्रामिंगचे फ्रेमवर्क चार वर्षांत जुने होते. भरतीपासून डिस्चार्जपर्यंत रुग्णाचा कागद कुठे कुठे अडतो, हे एकदा कळले की ते ज्ञान टिकते.

तोटेही खरे आहेत. रात्री अडीचला फोन येतो आणि फार्मसीचे बिल निघत नसल्याने नातेवाईक भांडत असतात. प्रत्येक डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शनचा नमुना आपल्या मर्जीचा हवा असतो. रुग्णालयाकडून देखभालीचे पैसे उशिरा येतात आणि त्याची झळ लहान कंपनीच्या पगाराला बसते. पण माझ्या दृष्टीने तीस टक्क्यांपेक्षा मोठा तोटा वेगळा आहे: तुमचा कोड तपासणारे ज्येष्ठ तिथे कोणी नसेल तर जाऊ नका. औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह सरकले तर ते दुसऱ्या डोळ्यांना दिसायला हवे.

लॅबवाला_सोलापूर

मी प्रोग्रामर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तरी जबाबदारीचा प्रश्न विचारलात म्हणून लिहितो. मी पूर्वी ज्या लॅबमध्ये होतो तिथे एकदा वीज गेली आणि परत आल्यावर यंत्राने अडकलेले रिझल्ट पुन्हा पाठवले. सॉफ्टवेअर ते नमुन्याच्या बारकोडवरून न जुळवता आलेल्या क्रमाने जुळवत होते, त्यामुळे सगळे एका ओळीने सरकले. आदल्या दिवशी पोटॅशियम ४.२ असलेल्या आजींच्या नावापुढे ६.८ असा धोकादायक आकडा आला. आजी तर खाटेवर बसून चहा पीत होत्या, म्हणून संशय आला आणि आम्ही रक्त पुन्हा घेतले. तो आकडा खरा धरून उपचार सुरू झाले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

दुरुस्तीसाठी आलेला मुलगा संपूर्ण दिवस आमच्याजवळ स्टूल टाकून बसला. आम्ही नमुने कसे ठेवतो, घाईत बारकोड आडवा कसा चिकटतो, हे त्याने पाहिले. त्याआधीची दोन वर्षे कंपनीचा प्रत्येक माणूस फोनवरच “रिस्टार्ट करून बघा” म्हणत असे.

शेळगीकर

मी सोलापुरातूनच, घरी बसून, एका अमेरिकन कंपनीसाठी वैद्यकीय उपकरणांचे सॉफ्टवेअर लिहितो. पगार उत्तम आहे, मात्र मीटिंगा रात्री अकरापर्यंत चालतात आणि कोडपेक्षा कागदपत्रे जास्त लिहावी लागतात. उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ हे प्रमाण आहे. चुकीमुळे रुग्णाला किती इजा होऊ शकते यावरून त्यात अ, ब आणि क असे वर्ग पडतात आणि ‘क’ वर्गात प्रत्येक बदलाचा माग ठेवावा लागतो. सुरुवातीला मला हा सगळा जाच वाटे. नंतर थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राविषयी वाचले. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला होता. जुन्या यंत्रांतील यांत्रिक अटकाव काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता, आणि सरावलेल्या ऑपरेटरने भराभर नोंद दुरुस्त केली की त्यातला दोष उघडा पडत असे. त्यानंतर मी कागदपत्रांबद्दल कुरकुर सोडली. (मीटिंगांबद्दल अजून करतो.)

गोपनीयतेकडेही लक्ष द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सॉफ्टवेअरच्या तपासणीसाठी रुग्णांचा खरा डेटा प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर दिला जातो का, हे मुलाखतीत विचारा; “हो, सोपे पडते” असे उत्तर आले तर ती कंपनी कशी आहे ते कळेल.

दयानंद_चौक

मी तीन वर्षांनी हे क्षेत्र सोडले. काम आवडत होते, पण सणावारीही फोन बंद ठेवता येत नव्हता आणि फोन घेणारा मी एकटाच होतो. आई-वडिलांसाठी परत येणार असाल, तर रात्रीच्या फोनची पाळी किती जणांत वाटलेली आहे हे आधी लेखी घ्या.

जुळे_सोलापूर

सर्वांचे आभार. कोड कोण तपासते, खरा डेटा कुठे असतो आणि रात्रीचा फोन कोण घेते, हे तिन्ही प्रश्न मी आज ईमेलने विचारले आहेत. होकार देण्यापूर्वी त्यांच्या एखाद्या रुग्णालयाच्या नोंदणी काउंटरमागे एक दिवस बसू द्यावे, अशीही विनंती केली आहे. त्यांनी सोमवार सुचवला असून, त्या दिवशी ओपीडीला सर्वांत जास्त गर्दी असते असेही कळवले आहे.