गोदामातल्या हँडहेल्डसाठी कुठलं एमडीएम (यंत्रं दुरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) घ्यावं?

भिवंडीच्या गोदामात आमच्याकडे झेब्राचे अँड्रॉइड हँडहेल्ड (हातात धरायचे स्कॅनर) आहेत, थोडे हनीवेलचेही. तिन्ही पाळ्यांत तेच यंत्र हातोहात फिरतं. ऑफिसच्या फोनसाठी मायक्रोसॉफ्टचं एमडीएम, इंट्यून आहे, म्हणून साहेब म्हणतात तेच लावा. पण मला स्कॅनच्या बटणाची सेटिंग हवी, आणि रात्री यंत्र अडलं तर घरून स्क्रीन बघता यायला हवी. काय घेऊ?

रॅकवाला: इंट्यून लगेच बाद करू नका. झेब्रा आणि हनीवेल, दोघांचंही ओईएमकॉन्फिगचं (कंपनीच्या खास सेटिंग एमडीएममधून लावायचं) अ‍ॅप आहे. बटण, स्कॅनर, वायफाय रोमिंग त्यातून बसतं. यंत्रं मात्र ‘डेडिकेटेड’, म्हणजे कुणा एकाच्या नावावर नसलेली, म्हणूनच नोंदवा. एका माणसाच्या नावावर टाकलीत तर पाळी बदलताना रोज लॉगिनची कटकट. दुरून स्क्रीन बघायला जादा परवाना लागतो का, ते आधी लेखी घ्या.

रात्रपाळी: माझं मत सोटी कंपनीचं एमडीएम, मोबीकंट्रोल. दुरून यंत्र हाताळणं हे त्यांचं जुनं बलस्थान, आणि रात्री दोनला तेच कामाला येतं. स्वस्तातलं काही दाखवलं, तर ते अँड्रॉइडच्या जुन्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ या यंत्र-नियंत्रणाच्या पद्धतीवर चालतं का विचारा. अँड्रॉइड १० पासून गुगलने त्यातले बरेच अधिकार काढलेत.

रॅकवाला: चाचणी आयटीच्या टेबलावर नको. शेवटच्या रॅकपाशी, जिथे सिग्नल मरतो तिथे करा. यंत्र फॅक्टरी रीसेट करा, पहिल्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप करून एमडीएमच्या नोंदणीचा क्यूआर स्कॅन करा, आणि हे पाळीच्या मुकादमालाच करू द्या. त्याला जमलं तरच पुढचं बोला.